कंपाउंडपाशी उगवलेली एकदांडी

आठवीत इंग्रजीच्या तासाला ‘डेझी’ हा शब्द आला. आमच्यापैकी कुणीच ते फूल पाहिलेलं नव्हतं. बाईंनी फळ्यावर चित्र काढलं आणि सांगितलं, की जुन्या इंग्रजीत हे नाव ‘दिवसाचा डोळा’ असं होतं. सकाळी उघडतं, संध्याकाळी मिटतं म्हणून. तिकडे ते निरागसपणाचं प्रतीक. एकेक पाकळी खुडत ‘प्रेम आहे, नाही’ असा कौलही लावतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, असलं फूल आपल्या कंपाउंडपाशी आहे की!’

बाई रागावल्या नाहीत. शेजारच्या वर्गावरून जीवशास्त्राच्या सरांना बोलावलं आणि सगळा वर्ग भिंतीपाशी नेला.

ती एकदांडी होती. खरखरीत, दातेरी पानं जमिनीलगत पसरलेली आणि त्यातून वर आलेला वीतभर केसाळ दांडा. टोकाला एकच फूल. सरांनी ते नखाने उकललं. कडेच्या ज्या पाच पांढुरक्या पाकळ्या आम्ही समजत होतो, त्यातली प्रत्येक म्हणजे एक स्वतंत्र फूल निघालं. प्रत्येकाच्या टोकाला तीन दाते. मधला पिवळा गोल म्हणजे इवल्या नळीसारख्या फुलांची दाटी. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, तिकडची डेझी, सगळी याच कुळातली. रोज पायाखाली तुडवत होतो त्या फुलात एवढं गणगोत असेल, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे मी वनस्पतिशास्त्र घेतलं, ते या एका तासामुळे.

सरांनी शास्त्रीय नाव लिहून दिलं: ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १७५३ साली दिलं. आमच्या ठाण्याला पहिली आगगाडी येण्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी. झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पण आता इथल्या मासुंदा तलावाच्या काठापासून येऊरच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत कुठेही सापडेल. बियांना पिसासारखे तंतू असतात, वाऱ्यावर सहज उडतात.

शाळेतल्या मावशींना मात्र ही सगळी नावं नको होती. खेळताना गुडघा फुटला की त्या पाला चुरगळून रस जखमेवर पिळायच्या. चांगलंच झोंबायचं. त्या म्हणायच्या ‘कंबरमोडी’. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर आडवं पसरणारं, हे कॉलेजात वाचलं तेव्हा मावशी आठवल्या. मला वाटतं, लॅटिन जाणणाऱ्यांनी आणि आपल्या माणसांनी त्या झाडाची एकच लकब टिपली होती.

शाळेच्या महोत्सवाच्या बैठकीसाठी परवा इथे आलो. मैदानाच्या त्या कडेला आता पेव्हर ब्लॉक आहेत. दोन ब्लॉकच्या फटीत एक दांडा उभा होता, त्यावर छोटं पिवळं फुलपाखरू. ते उडेपर्यंत थांबलो आणि मग वाकून दाते मोजले. तीनच होते.