काळी डुकरीण कॅमेऱ्याला दिसेना

गोव्यात वाळपईजवळच्या आमच्या शेडमध्ये चौदा डुकरिणी आहेत. बहुतेक लार्ज व्हाइट यॉर्कशायर या पांढऱ्या जातीच्या, तीन काळ्या गावठी. गेल्या पावसाळ्यात एक पांढरी रात्री व्याली. सकाळी पाहतो तर चार पिल्लं तिच्या अंगाखाली चिरडलेली. ११४ दिवसांचं गाभणपण सांभाळून हे झालं. त्याच आठवड्यात मी विण्याच्या खणांवर कॅमेरे बसवले.

विण्याच्या आदल्या दिवसापासून डुकरीण सारखी उठबस करते, पेंढा तोंडाने ओढून जागा करू पाहते. कॅमेऱ्यामागचा संगणक ती उठबस मोजतो आणि वाढली की फोनवर सूचना देतो. पांढऱ्यांना हे पहिल्याच महिन्यात जमलं. काळीच्या वेळी मात्र फोन गप्प राहिला. सकाळी ती नऊ पिल्लांना दूध पाजत पडली होती, सगळी जिवंत, पण माझा जीव उडाला होता. चित्रणात काळपट सिमेंटवर तिचं अंग वेगळं दिसतच नव्हतं. संगणक शिकला होता तो पांढऱ्या डुकरांच्या चित्रांवर, असं बसवणाऱ्याने सांगितलं.

आई म्हणाली, "अरे, काळ्यावर काळं कसं दिसणार? खाली पेंढा घाल."

भाताचा पेंढा जाड पसरला. तिरका कॅमेरा सरळ खणाच्या वर आणला. संगणकाला काळ्या ओळखता याव्यात म्हणून त्यांची चित्रं खुणा करून दोन महिने बसवणाऱ्याला पाठवत राहिलो.

तापमानाच्या सेन्सरनेही मला फसवलं होतं. तो मी खांद्याच्या उंचीवर टांगलेला. तो २८ अंश दाखवायचा आणि खाली पिल्लं एकमेकांवर चढून ढीग करायची. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, आईला मात्र तेवढी उष्णता सोसत नाही. म्हणून पिल्लांच्या कोपऱ्यात दिवा लावला आणि दुसरा सेन्सर त्यांच्या पाठीच्या उंचीवर बसवला. आता आधी ढीग बघतो, मग आकडा. वीज जाते, त्यासाठी इन्व्हर्टर घ्यावाच लागला.

२०२० मध्ये आसामात आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा साथरोग आल्यापासून मी बाहेरच्या कुणाला आत सोडत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनाही आधी फोनवर चित्रण दाखवतो.

परवा तीच काळी पुन्हा व्याली. सूचना रात्री दीडला आली. मी पोचलो तेव्हा तिसरं पिल्लू तिच्या पाठीमागे अडकलं होतं. ओढून काढलं, पुसलं, दिव्याखाली ठेवलं.