आपट्याचं पान चांदीत ओतताना: सगळं अडतं ते राखेपाशी

खऱ्या पानावरून चांदीचं पेंडंट करायचं तर मेणकाम, कडी, पॉलिश भराभर उरकतं. मला ताटकळावं लागलं ते ओतकामाच्या वर्कशॉपमध्ये. नग फसला की उत्तर ठरलेलं: "पान फार पातळ आहे, चांदी भरत नाही."

पातळपणाची सोय घरीच करता येते. पान आधी जाड वहीत दाबून सपाट करायचं. मग वरच्या, गुळगुळीत बाजूला ब्रशने गरम मेणाचे थर देऊन जाडी ०.८ मिमीपर्यंत आणायची. मागच्या बाजूला मेणाचा थेंबही लागू देऊ नका. देठापासून फाकत जाणाऱ्या शिरा तिथेच उठून दिसतात, दागिन्याची दर्शनी बाजू तीच.

खरी गोम राखेत आहे. मेण लावलेलं पान फ्लास्कमध्ये, म्हणजे धातूच्या नळकांड्यात, ठेवून भोवती जिप्समचा घोल ओततात. तो घट्ट झाला की भट्टीत पान आणि मेण जाळायचं आणि उरलेल्या पोकळीत चांदी ओतायची. मेण भट्टीत जवळजवळ पूर्ण जळून जातं, पान मात्र राख ठेवतं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांचे फ्लास्क एकाच भट्टीत, मेणाच्या हिशेबाने लावतात. पानाच्या साच्यात राख अडकून राहते, चांदी तिला अडखळते आणि नग निघतो तो कडेला तुटका, शिरांवर बारीक भोकं पडलेला. वर वाया गेलेल्या ओतकामाची मजुरीही आपल्याच माथी! म्हणून काम देतानाच स्वतंत्र फ्लास्क मागा, आणि तो वेगळा, असा तापवायला सांगा: १५० अंशांवर दोन तास, नाहीतर साच्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन साचा तडकतो. ३७० वर दोन तास. ७३० वर नेहमीपेक्षा दोन तास जास्त. "तापमान वाढवतो, लवकर होईल" याला मुळीच हो म्हणू नका. ७५० च्या पुढे साच्यातल्या जिप्समचं विघटन होऊन गंधकाचे वायू सुटतात आणि चांदी काळवंडते. भट्टीचा झरोका उघडा हवा, हवा मिळाली नाही तर पानाचा कोळसाच राहतो. फ्लास्कचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे सुटी राख गळून पडते. ओततेवेळी फ्लास्क साधारण ५५० अंशांवर असावा. त्याहून फार थंड असेल तर चांदी कडेपर्यंत पोचायच्या आत थिजते.

चांदी ओतायची वाट देठालाच जोडा, ३ मिमी जाड मेणाच्या काडीने. सगळ्या शिरा तिथूनच निघतात, त्यामुळे धातू त्यांच्यातून टोकापर्यंत जातो. साच्याचा घोल ओतण्याआधी मेणावरून स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवा. बुडबुडे चिकटले तर चांदीवर गोळ्या उठतात, आणि शिरांमधून त्या काढणं महाकठीण.

कडी झाळताना टाकणखार लावा, नंतर तुरटीच्या गरम पाण्यात टाका. पहिला नग नीट निघाला की कडी आणि पॉलिश दोन्हींच्या आधी त्याचा रबर मोल्ड, म्हणजे पुढच्या प्रतींसाठी रबराचा साचा, करून घ्या. पॉलिशचं चाक, म्हणजे बफ, लागला की शिरा झिजतात, आणि मोल्डमधून निघणारं प्रत्येक पान तेवढंच बोथट येतं.