ट्रायल संपलेला अँटिव्हायरस काढून डिफेंडरवर येताना

घरच्या विंडोज ११ पीसीवर विकतचा अँटिव्हायरस घ्यायचा की फुकटातलं चालवून घ्यायचं, हा प्रश्न मी विंडोजमध्ये आधीपासूनच असलेल्या फुकट अँटिव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या बाजूने सोडवला. पण नुसता 'आहे' म्हणून डिफेंडर पुरत नाही, आधी तो चालू आहे का हे बघावं लागतं. दुसरा अँटिव्हायरस असला की विंडोज स्वतःच डिफेंडरला बाजूला बसवतं. त्या दुसऱ्याची ट्रायल संपली की बऱ्याचदा नवे अपडेट थांबतात, पण कोपऱ्यातलं चिन्ह दिसत राहतं.

म्हणून आधी जुना काढला. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केल्यावरही त्याचे ड्रायव्हर मागे राहू शकतात, त्यासाठी त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल चालवून रीस्टार्ट करायचं. मग विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडलं, तिथे अँटिव्हायरस म्हणून डिफेंडर चालू दिसला पाहिजे.

पुढची जागा फारसं कुणी बघत नाही: 'एक्स्क्लुजन्स', म्हणजे डिफेंडरने तपासायचं नाही अशा फाइल-फोल्डरांची यादी. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा फुकट ॲक्टिव्हेटर (लायसन्स न घेता सॉफ्टवेअर चालू करून देणारं टूल) टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगतात, आणि त्यातलं काही जाता जाता अख्खा सी ड्राइव्ह या यादीत टाकून जातं. मग तिथलं डिफेंडर तपासतच नाही, आणि स्कॅन मात्र 'काही सापडलं नाही' म्हणून खुशाल मोकळा होतो. आपण न टाकलेली प्रत्येक नोंद काढायची.

अपडेट घेऊन ऑफलाइन स्कॅन लावला. पीसी रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्या मालवेअरला आड घ्यायला जागा मिळत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) एन्क्रिप्ट असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, मध्येच विचारली जाऊ शकते. निकाल नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त बघायचा.

फुल स्कॅनमध्ये पेन ड्राइव्ह आपोआप येत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेन ड्राइव्ह राइट क्लिक करून वेगळा स्कॅन करावा लागतो. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर त्यावर डबल क्लिक नको. खरे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच असतात, फक्त त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' हे दोन्ही गुण लावलेले असतात. म्हणून नुसतं 'हिडन आयटम्स' टिक करून ते दिसत नाहीत, 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिकही काढावी लागते.

'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' अनोळखी ॲपना महत्त्वाच्या फोल्डरमधल्या फाइल बदलू देत नाही. तो मुळात बंद असतो, रॅन्समवेअरपासून (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर) बचाव म्हणून चालू केला. त्याचा त्रास असा की स्कॅनरचं किंवा फोटोचं एखादं जुनं सॉफ्टवेअर 'डॉक्युमेंट्स'मध्ये फाइल सेव्हच करू शकत नाही. त्याला 'अलाऊ ॲन ॲप'मधून परवानगी दिली की काम होतं. तरी फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी पीसीपासून काढून ठेवलेली.

विंडोज १० असेल तर गणित बदलतं. त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरचे अपडेट येत राहिले तरी सिस्टिममधली भगदाडं त्यांनी बुजत नाहीत. आणि 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला आपणच स्क्रीन शेअर करून दिली, तर फुकटचा काय नि विकतचा काय, कुठलाही अँटिव्हायरस ओटीपी वाचवू शकत नाही.