वृश्चिक राशीचे टॅटू आणि आमची वाटचाल

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही टॅटूचे काम सुरू केले, तेव्हा बहुतेक ग्राहक नाव किंवा राजमुद्रा मागत. राशीचिन्हांची मागणी नंतर वाढली आणि त्यांत वृश्चिक सर्वांत पुढे गेली. विंचू हा आपल्या गोंदणातला जुना आकार असल्याने मला त्याचे नवल वाटले नाही. माझ्या आजीच्या हातावर गोंदणारणीने काढलेला विंचू होता. मोजके ठिपके आणि एक वळलेली रेघ एवढ्यावर तो अखेरपर्यंत ओळखू येत असे.

तरीही पहिल्याच वर्षी एका तरुणाला मी मोबाइलवरच्या चित्राबरहुकूम दीड इंचाचा, आठही पाय बारीक रेषांत दाखवलेला विंचू काढून दिला. दोन वर्षांनी तो आला, तेव्हा पाय एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग उरला होता. शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसते आणि काळानुसार थोडी पसरते, हे ठाऊक असूनही मी त्याला अडवले नव्हते. ते काम मी विनामूल्य सुधारून दिले. तेव्हापासून तीन इंचांपेक्षा लहान विंचू हवा असल्यास आम्ही पाय गाळतो आणि पुढचे चिमटे व उचललेली नांगी एवढेच ठेवतो.

दुसरा प्रश्न राशीचाच होता. साधारण २३ ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर या काळात जन्मलेले ग्राहक पाश्चात्त्य पद्धतीने, सूर्यावरून, स्वतःला वृश्चिकेचे समजतात. पण घरच्या पत्रिकेत चंद्रावरून धरलेली रास वेगळीच निघू शकते. म्हणून सुई हातात घेण्यापूर्वी कोणती रास अभिप्रेत आहे, हे आम्ही विचारतो आणि पत्रिका असल्यास नक्षत्रही पाहतो.

याच विचारण्यातून आमची स्वतःची डिझाइने जन्मली, आणि मला त्यांचाच सर्वाधिक अभिमान आहे. वृश्चिकेत विशाखेचा चौथा चरण, अनुराधा आणि ज्येष्ठा येतात. मे महिन्यात कासच्या बाजूला अंधारात उभे राहिले की रात्री दहाच्या सुमारास आग्नेयेकडे हा विंचू चढताना दिसतो; तिथे बसून मी ताऱ्यांची रेखाटने केली. अनुराधेच्या ग्राहकासाठी डोक्याकडचे तारे ठळक करतो, तर ज्येष्ठेसाठी मधला तांबूस तारा. आकाशातल्या या विंचवाची नांगी मात्र मूळ नक्षत्रात येते आणि पंचांगात मूळ धनू राशीचे असते, ही गंमत सांगितली की धनूचे ग्राहकही नांगीचे टॅटू मागतात.

आपला जिल्हा सैनिकांचा असल्याने भरतीची तयारी करणारी मुले नेहमी येतात. सैन्यभरतीत कायमस्वरूपी टॅटू सर्वसाधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूस आणि तळहाताच्या मागच्या बाजूसच चालतो. त्यामुळे दंडावर किंवा मानेवर विंचू मागणाऱ्या अशा मुलाला आम्ही स्पष्ट नकार देतो, मग तो दुसरीकडे गेला तरी चालेल.

ज्येष्ठेच्या ताऱ्यासाठी लाल शाई लागते, आणि ॲलर्जीच्या तक्रारी लाल शाईबाबत अधिक आढळतात. म्हणून तो एकच ठिपका आम्ही आधी देतो, महिनाभर त्वचा पाहतो आणि मगच बाकीचा विंचू काढायला घेतो.