तुम्ही विचारलंत म्हणून: इतिहास लक्षात कसा राहील?

पालकसभा संपली की वर्गाच्या दाराशी थांबलेल्या आईबाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, घरी तासन्‌तास वाचतो हो, पण इतिहास लक्षातच राहत नाही. सनावळ्या तर अजिबात नाही. काय करायचं?" आणि जाता जाता पुढचा प्रश्न : "नागरिकशास्त्र शेवटच्या दोन दिवसांत उरकलं तर चालेल ना?" मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत हे दोन्ही विषय शिकवते. दाराशी उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून आता नीट लिहिते.

मुलाची स्मरणशक्ती कमी आहे, असं आधी मनातून काढून टाका. सन एकटाच समोर आला तर कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्याच्या आधी काय घडत होतं आणि त्यामुळे पुढे काय बदललं, हे कळलं की तो आपोआप जागेवर बसतो. वर्गात मी प्रत्येक धड्याला दोनच प्रश्न लावते. हे कोणी ठरवलं? आणि हे आपल्याला कशावरून कळलं? पहिला प्रश्न नागरिकशास्त्राचा वाटतो आणि दुसरा इतिहासाचा, पण दोन्ही विषयांना दोन्ही प्रश्न लागतात. म्हणूनच नागरिकशास्त्र शेवटच्या दोन दिवसांत उरकायला माझा ठाम विरोध आहे.

आमच्या शाळेत कळव्याहून येणारी मुलं रोज मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीजवळून येतात. तो मूळचा ठाण्याचा किल्ला आहे, हे बहुतेकांना सहावी-सातवीपर्यंत माहीत नसतं. सातवीला मराठ्यांचा इतिहास सुरू झाला की मी या भिंतीपासून सुरुवात करते. १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी हा किल्ला बांधायला घेतला. का? मराठे साष्टीच्या, म्हणजे ठाणे ज्यावर वसलंय त्या बेटाच्या अंगावर येणार, हे त्यांना दिसत होतं. बांधकाम पुरं व्हायच्या आतच १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. आता १७३९ मध्ये जिंकलेली वसई वेगळी पाठ करावी लागत नाही, कारण ती याच मोहिमेचा शेवट आहे. मग १७७४. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी कधीपासून हवीच होती, पण त्यांनी घाला घातला तो १७७४ च्या डिसेंबरात. तेव्हाच का? कारण आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला होता आणि पेशवाई घरातल्या भांडणात अडकली होती. पुढे नारायणरावांचे काका राघोबादादा यांनी इंग्रजांशी केलेला सुरतेचा तह, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह. त्या तहात बराच मुलूख परत मिळाला, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे आपण आज जिथं राहतो ती जमीन त्या तहात गेली. हे ऐकल्यावर सालबाईचा तह विसरलेला विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

याच किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होते. बडोद्याच्या गायकवाडांचे दूत गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना पेशव्यांकडून ताब्यात घेतलं आणि इथं गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात ठेवलं. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. बाहेर घोड्यांची देखभाल करणारा एक माणूस मराठीतून गाणं म्हणत होता, गाण्यातून पळण्याचा बेत सांगत होता आणि पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, अशी गोष्ट सांगतात. वर्ग खूश होतो. मग मी दुसरा प्रश्न विचारते : कशावरून? ही गोष्ट कलकत्त्याचे इंग्रज बिशप हेबर यांनी लिहून ठेवली आहे. हेबर इकडे आले १८२५ मध्ये, पलायनानंतर नऊ वर्षांनी. त्यांनी ती कुणाकडून तरी ऐकली. म्हणजे पलायन झालं हे नक्की, गाण्याची गोष्ट मात्र ऐकीव. मुलं वाद घालतात. एकजण म्हणतो, गाणं खोटं असेल तर मग इतक्या पहाऱ्यातून ते सुटले कसे? दुसरी म्हणते, पहारेकऱ्यांनीच आपली चूक झाकायला सांगितलं असेल. दोघंही इतिहासकाराचंच काम करत असतात. दहावीच्या पहिल्याच धड्यात लिओपॉल्ड व्हॉन रांके भेटतात, मूळ कागदपत्रांपर्यंत जा असं सांगणारे. त्या धड्याची मुलांना भीती वाटते, कारण त्यात व्हॉल्टेअर, हेगेल, मार्क्स, फूको अशी नावं एकामागून एक येतात. पण गाण्याचा वाद घातलेल्या मुलाला रांके समजावून सांगावा लागत नाही. आणि गावोगाव फिरून जुन्या कागदपत्रांची दप्तरं गोळा करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांबद्दल दुसऱ्या धड्यात वाचताना त्यांनी ती दगदग कशासाठी केली, हेही त्याला कळतं.

त्याच भिंतीच्या आत १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाचा खटला होता. इथं मी वेगळं काही बोलत नाही. मुलांना वय कळतं, तेवढं पुरे.

आणि आज? आज तिथं कैदी आहेत. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, त्यांना मतदान करता येतं का?" नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ६२ प्रमाणे तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, मग त्याला शिक्षा झालेली असो की त्याचा खटला अजून चालू असो. अपवाद फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्यांचा, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच अडकवून ठेवलेल्यांचा. पण खटला चालू असलेला तोच माणूस निवडणुकीला उभा राहू शकतो. हे योग्य की अयोग्य, यावर पुढचा सबंध तास गेला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व मुलांनीच मांडलं. अटक झाल्यावर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करण्याची अट संविधानाच्या बाविसाव्या कलमात आहे, ती त्या तासाला वाचली. या पोरांना मूलभूत हक्कांवरचा प्रश्न कसाही फिरवून विचारा, ती लिहितील.

सांगायचं एवढंच, की एक भिंत घेतली तर १७३० पासून आजपर्यंतचा अभ्यास तिच्यावरून होतो. भिंतच हवी असं नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२ आहे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६० येतो, आणि तेव्हा इथं राज्य करणाऱ्या शिलाहारांचा काळ मुलाला स्वतःच्या हातानं काढता येतो. रेल्वेचं तर विचारूच नका. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रेल्वे कोणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. गव्हर्नर जनरल डलहौसीनं त्याच वर्षी रेल्वेबद्दल जे टिपण लिहिलं, त्यात सैन्य पटकन हलवता येईल आणि कापूस बंदरापर्यंत पोचेल, हे हिशेब आहेत. पुढे त्याच गाडीतून इथली माणसं गिरणीत कामाला गेली आणि सभांनाही गेली. ज्यांनी ठरवलं त्यांच्या मनात हे नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे समजतं, समजल्यावर आवडतंही.

आता नागरिकशास्त्र. सहावीला स्थानिक शासन संस्थांचा भाग आहे : ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. पुस्तक सांगतं की महापालिकेत लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असतात आणि त्यांची मुदत पाच वर्षं. ठाणे महापालिका १९८२ ची. २०१७ मध्ये तिच्या १३१ जागांसाठी निवडणूक झाली, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. ती मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक वेळेवर झालीच नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद न्यायालयात होते. कित्येक वर्षं कारभार प्रशासकाच्या, म्हणजे सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती राहिला. त्या काळात सहावीत असलेल्या मुलांना मी सांगितलं, आपापल्या नगरसेवकाचं नाव विचारून या. कुणी माजी नगरसेवकाचं नाव आणलं, कुणी आमदाराचं. एका मुलाचे बाबा म्हणाले होते, "आत्ता कोणी नाही." तोच बरोबर होता.

पुस्तकात लिहिलेलं आणि गल्लीत दिसणारं यांत असं अंतर पडलं की नागरिकशास्त्र खऱ्या अर्थानं सुरू होतं. आम्ही चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती काढली, १ जून १९९३ पासून लागू झालेली. तिच्यातल्या २४३-यू या अनुच्छेदात स्पष्ट आहे : मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक पुरी व्हायला हवी. मग मुलांनी विचारलं, अंदाजपत्रक मंजूर कोण करतं? एरवी आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात, समिती कमीजास्त करते, मग ते सर्वसाधारण सभेत जातं. प्रशासकाच्या काळात मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. गटार तुंबलं तर तक्रार घेणारं प्रभाग कार्यालय तेव्हाही होतं आणि कामंही होत होती. पण कोणतं काम आधी करायचं, यावर सभागृहात उभं राहून भांडणारं कोणी नव्हतं. अकरा वर्षांच्या मुलांना हा फरक कळला. मोठ्या माणसांना तो का टोचला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

खाडीपलीकडची काही मुलं आमच्याकडे आहेत, ऐरोली-घणसोलीच्या गावठाणांतली, आगरी-कोळी घरांतली. त्यांच्या घरात 'साडेबारा टक्के' हा शब्द रोजचा. तो कुठून आला, हे मात्र नातवंडांना माहीत नसतं. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, नवी मुंबई हे नवं शहर वसवण्यासाठी ठाणे आणि रायगडमधल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्यांना परत देण्याची योजना आली.

दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक व राजकीय चळवळींचा धडा आहे. त्या वेळी मी या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलून लिहून आणायला सांगते. एका मुलीच्या आजोबांनी गोळीबाराची तारीख १६ जानेवारी सांगितली, शेजारच्या काकांनी छातीठोकपणे १७. ती गोंधळून माझ्याकडे आली, कोणतं खोडू? कोणतंच खोडायचं नव्हतं. आंदोलन चिघळलं ते दोन दिवस, १६ आणि १७, आणि माणसं वेगवेगळ्या ठिकाणी होती. आजोबांनी दास्तान फाट्याचं सांगितलं होतं. तिनं दोन्ही तारखा लिहिल्या आणि कोणी कुठे पाहिलं तेही लिहिलं. मौखिक साधनं कशी तपासायची, हे तिला आता कुठल्याही गाइडमधून वाचायची गरज नाही. शिवाय ती आणि तिचे आजोबा त्या संध्याकाळी बराच वेळ बोलत बसले होते, असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं.

मार्कांचं विचाराल, तर तेही सांगते, कारण ती काळजी खरी आहे. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस गुणांचा, वेळ दोन तास. त्यात इतिहास २८, राज्यशास्त्र १२. बारा गुण म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पेपर, आणि पाच धड्यांवर. शिवाय इतिहासात 'सकारण स्पष्ट करा' असतं, राज्यशास्त्रात 'चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' असतं. पेपर कारणं विचारतो आणि आपण मुलांकडून उत्तरं घोकून घेतो. अपेक्षित प्रश्नसंच जानेवारीनंतर सोडवायला ठीक आहेत. जूनमध्येच हातात दिलेत तर मूल पाठ्यपुस्तक उघडणार नाही, आणि पाठ्यपुस्तकातल्या चौकटी, चित्रं, 'करून पहा' या सगळ्यावर प्रश्न येतात.

घरी काय करायचं? मुलाला धडा म्हणून दाखवायला लावू नका. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून त्याला सांगू द्या, त्याच्या शब्दांत, अगदी पोळ्या लाटताना ऐका. मध्येच विचारा, हे ठरवलं कोणी? दुसरं काही ठरलं असतं का? तुला कशावरून कळलं? तुम्हाला उत्तर माहीत असायची गरज नाही. मूल अडखळलं तर तिथंच पुन्हा पुस्तक उघडेल, आणि त्या वेळी वाचलेलं टिकतं. पाच-सहा घटना एका ओळीत स्वतः मांडायला सांगा, आधीची आणि नंतरची. सन शेवटी लिहू द्या. नागरिकशास्त्रासाठी वर्तमानपत्र पुरे : शहराच्या पानावरची एक बातमी आठवड्यातून एकदा, आणि हा निर्णय महापालिकेचा, राज्याचा की केंद्राचा एवढंच ओळखायचं. पाणी, मेट्रो, रिक्षाचं भाडं, शाळेची फी, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. सहावी-सातवीपासून हे सुरू केलंत तर दहावीला वेगळं काही करावं लागणार नाही. दहावीतच असाल तर राज्यशास्त्राच्या पहिल्या धड्यापासून या शनिवारी सुरुवात करा, इतिहासाच्या आधी.