घरट्याच्या पेटीचा खांब : माझा अनुभव

परसात घरट्याची पेटी लावू इच्छिणाऱ्या इंदूरकरांना माझे पहिले सांगणे असे की, खांबासाठी वेल्डिंगवाल्याच्या दारी जाऊ नये. हे मी काहीसे चिडून लिहीत आहे, परंतु चीड बाजूला ठेवली तरी सल्ला बदलणार नाही.

आमच्या घरामागील शेवग्याच्या ढोलीत दयाळ पक्ष्यांची जोडी पिल्ले काढीत असे. ते झाड पावसाळ्यात पडले, म्हणून सुताराकडून पाच सेंटिमीटर व्यासाच्या भोकाची सागवानी पेटी करवून घेतली. ती मागच्या भिंतीवर टांगता आली असती. पण ती भिंत म्हणजे आळीतल्या मांजरांचा हमरस्ता आहे. त्यामुळे भिंतीपासून आणि झाडांपासून दहाएक फूट दूर, मोकळ्यावर खांब उभारायचे ठरले. लाकडी बल्लीला आमच्याकडे वाळवी लागते आणि मांजर तिच्यावर नखे रोवून सहज चढते, तेव्हा निवड जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडी पाइपाचीच झाली. लोहामंडीत दीड इंची, निळ्या पट्ट्याचा, म्हणजे मध्यम जाडीचा पाइप घेतला. पिवळा पट्टा हलक्या पाइपाचा आणि लाल पट्टा जड पाइपाचा असतो. सहा मीटरचा अखंड नग सुमारे एकवीस किलोचा भरतो, तो दुकानातच कापून घ्यावा.

येथपर्यंत सारे सुरळीत होते. पेटी बसवण्यासाठी वरच्या टोकाला चौकोनी पट्टी, खालच्या टोकाला काँक्रीटमध्ये पकड राहावी म्हणून दोन आडव्या सळया आणि पेटी सफाईसाठी उतरवता यावी म्हणून मध्ये एक जोड, एवढ्याच कामासाठी मी घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये पाइप टाकला. “भिया, कल शाम को ले जाना,” असे उत्तर मिळाले, आणि पुढे मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा तेव्हा हेच उत्तर त्याच प्रसन्न चेहऱ्याने मिळत राहिले. लग्नसराई जवळ आलेली असल्यामुळे साऱ्या शहराला त्याच सुमारास गच्चीचे कठडे आणि फाटके हवी होती. माझ्या पाइपावर खडूने ‘लोकमान्य नगर’ असे लिहिलेले होते, पण त्याच्यावर रचलेल्या जाळ्यांचा ढीग वाढत गेला आणि ती अक्षरे दिसेनाशी झाली. मार्च ते जुलै हा दयाळाचा विणीचा काळ असल्याने मला घाई होती. ती बोलून दाखवली तेव्हा, “चिड़िया का ही तो काम है,” असे मालकांनी मला समजावले. आगाऊ रक्कम दिलेली असल्यामुळे भांडताही येईना. सल्ला देणाऱ्याने हेही सांगावे, म्हणून लिहितो: काम हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत.

सुटका झाली ती आमच्या नळकाम करणाऱ्यामुळे. त्याने पाइपाची हकिकत ऐकून घेतली आणि यात वेल्डिंगचे काय काम, असे विचारले. वर्कशॉपमधून पाइप जवळजवळ ओढून आणल्यावर त्याने टोकांना आटे पाडले, जोडासाठी सॉकेट, म्हणजे आतून आटे असलेली आखूड नळी, लावले, वर गोल फ्लँज, म्हणजे भोके असलेली चकती, फिरवून तिच्या चार भोकांतून पेटीचा तळ कसला आणि खालच्या टोकाला आरपार भोके पाडून त्यांत सळया घातल्या. हे सारे त्याने दुपारच्या चहापूर्वी उरकले. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचा जस्ताचा थर जळतो, त्याचा धूर अपायकारक असतो आणि गंज प्रथम तेथेच धरतो. आट्यांवरही जस्त उरत नाही, परंतु तेवढ्या जागी झिंकचा रंग लावला की भागते.

खड्ड्याबाबत माळव्याच्या काळ्या मातीचा विचार केलाच पाहिजे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ खांब दोन ऋतूंत कलतो. मी तीन फूट खोल आणि तळाशी किंचित रुंद खड्डा घेतला, तळाला खडी घातली, सिमेंट, वाळू आणि खडी यांचे एकास दोन, चार प्रमाणाचे काँक्रीट भरले आणि वरच्या भागात सभोवती मुरूम दाबला. काँक्रीटचा माथा पाइपाकडून बाहेर उतरता ठेवावा, म्हणजे पाणी मुळाशी साचत नाही. आठवडाभर गोणपाट ओले ठेवावे आणि तोवर पेटी चढवण्याचा मोह टाळावा.

खारी आणि मांजरे वर चढू नयेत म्हणून आठ इंच व्यासाचे, दोन फूट लांबीचे, वरून बंद असे पत्र्याचे नळकांडे पेटीखाली खांबावर ओवावे. हे सॉकेट कसण्यापूर्वीच करायचे असते. पाइपाला ग्रीस फासण्याची सूचना बरेच जण करतात, पण ते पक्ष्यांच्या पिसांना लागते, म्हणून फासू नये. पेटीचे तोंड मी ईशान्येस ठेवले आहे, कारण आपल्याकडील पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचे ऊन पश्चिमेचे असते. सफाईसाठी वरचा पाइप ऑगस्टनंतर, घरटे रिकामे असल्याची खात्री करूनच फिरवून काढावा, आणि त्या वेळी पेटी धरायला दुसरे माणूस हवे, कारण सारे वजन वरच्या टोकाला असते.