सोलापूरचा टॉवेल आणि गोव्यातले केस

आई अजून फोनवर "परदेशात कशी आहेस गं?" असंच विचारते. चेष्टेनं. 19 डिसेंबर 1961 च्या आधी, म्हणजे गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना आले असते, तर गोव्यातलं हे फोंडा खरोखरच परदेश ठरलं असतं म्हणा. मला मात्र परमुलूख जाणवला तो डोक्यावर.

सोलापुरात माझे केस सरळ आहेत अशी सगळ्या घराची समजूत होती. तेल चोपडायचं, कंगवा फिरवायचा, घट्ट वेणी घालायची, विषय संपला. इथं आले ती जूनमध्ये. आठवड्याभरात वेणीतून चहूबाजूंनी केस उभे! कंपनीत हेल्मेट काढलं की वॉचमन आधी माझ्या डोक्याकडे बघायचा, मग ओळखपत्राकडे. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे पुस्तकात वाचलं होतं. त्यातला किती माझ्या केसांत मुरतो ते कुणी लिहिलं नव्हतं.

भानगड अशी की केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि त्यातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला आकार देणारे नाजूक दुवे, पाण्यानं सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात, केस ज्या आकारात असतील त्या आकारात. दमट हवेत हे दिवसभर चालूच. कोरड्या हवेत वेणीनं दाबलेले माझे केस मुळात कुरळे होते, हे सत्तावीस वर्षांनी कळलं.

तरी पहिली चूक केलीच. पणजीतल्या एका चकचकीत सलूनमध्ये गेले. त्यांनी केस ओले केले, कंगव्यानं ताणले, खांद्याला लागतील असे कापले, ड्रायरनं सरळ करून दिले. झकास दिसत होतं. दुसऱ्या दिवशी न्हाले आणि केस वाळता वाळता वर वर चढत गेले, ते थेट कानाच्या पाळीशी थांबले. घरमालकीण मावशी अंगणात नारळ सोलत होत्या. कोयता हातात तसाच ठेवून म्हणाल्या, "केंस खंय गेले गो बाय?"

केस महिन्याला 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. हिशेब केला आणि गप्प बसले.

पुढच्या वर्षी फोंड्यातच एका छोट्या पार्लरमध्ये गेले. तिथल्या ताईचे स्वतःचे केस कुरळे, म्हणून जरा धीर आला. तिनं फोनवरच बजावलं होतं: धुऊन, तेल न लावता, न विंचरता, पूर्ण वाळवून ये. "ओले केंस फटी मारतात," म्हणाली. म्हणजे थापा मारतात. मग एकेक कुरळी बट बोटावर घ्यायची, सोडायची, कुठवर उसळते ते बघायची आणि मगच कात्री लावायची. तासभर लागला. खालची लांबी जवळजवळ तशीच राहिली, वरच्या थरांतलं वजन तेवढं कमी केलं. वर चपटा, खाली पसरलेला असा डोक्याचा त्रिकोण झाला होता, तो गेला.

बाकी तिनं शिकवलेलं फार नाही. शॅम्पू टाळूला, कंडिशनर लांबीला. कंडिशनर असतानाच रुंद दातांच्या कंगव्यानं गुंता काढायचा, वाळल्यावर कंगव्याला हात लावायचा नाही. तेलाच्या बाबतीत मात्र मावशींचाच शब्द शेवटचा. ओल्या खोबऱ्याचं दूध आटवून त्या तेल काढतात, त्या दिवशी घरभर वास. न्हायच्या आदल्या रात्री तेच लावते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना होती. केसांतलं प्रथिन कमी झिजलं ते फक्त खोबरेलामुळे, कारण ते केसाच्या आत शिरतं. मावशींना हे सांगितलं तर त्यांनी "मग?" एवढंच विचारलं. टाळूला मात्र मी तेल चोपडत नाही. पहिल्या पावसाळ्यात घाम आणि तेल मिळून असा कोंडा झाला होता की काळा कुडता घालायची सोय राहिली नव्हती.

सगळ्यात जड गेलं ते टॉवेल सोडणं. टर्किश टॉवेलच्या फाशांत केस अडकतात, घासले की पिंजल्यासारखे होतात. आता जुना सुती टी-शर्ट घेऊन केस नुसते दाबून टिपते. सोलापूरच्या पोरीनं हे घरी सांगायचं कुठल्या तोंडानं? गेल्या महिन्यात आईनं पार्सल पाठवलं. एक चादर, शेंगाची चटणी आणि चार टॉवेल.

त्यातले दोन टॉवेल मावशींना दिले. त्या त्यावर पापड वाळवतात.